किहीमकर बाईंचं दुसरं नाव

शिडीवर उभा राहून देवमन फ्लेक्सचं डावं टोक शाळेच्या गेटच्या खांबाला सुतळीनं आवळत होता. खाली गयासुद्दीन शिडी धरून उभा होता, आणि धरण्यापेक्षा सल्ले जास्त देत होता.

"उजवीकून खाली आलं बे."

"तू शिडी धर, पाक्या. फ्लेक्सचं मी पाह्यतो."

तेवढ्यात तिसराच आवाज आला. बाईमाणसाचा, आणि अगदी शांत.

"हे खाली उतरवा."

देवमननं मान वळवून पाहिलं. पंचेचाळीस-सत्तेचाळिशीची एक बाई उन्हात उभी होती. कापलेले केस, साधा कुर्ता, खांद्याला कापडी पिशवी. महानगरपालिका, देवमनच्या मनात आलं. रविवारी सकाळी फ्लेक्सखाली उभं राहून हुकूम सोडणारी बाई अकोल्यात दुसरी कोण असणार? गेली पंधरा वर्षं तो फ्लेक्स छापत होता आणि अशा लोकांना कसं बोलायचं ते त्याला पाठ होतं.

"परवानगी हाये मॅडम. पावती दुकानात हाये. फोटो टाकतो तुमाले व्हॉट्सअ‍ॅपवर."

"कोणाची परवानगी?"

"महानगरपालिकेची."

"माझ्या आईची घेतली होती का?"

देवमन बुचकळ्यात पडला. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या फ्लेक्सकडे. फ्लेक्सवर किहीमकर बाई होत्या. स्नेहसंमेलनातल्या जुन्या फोटोतल्या, जाड चष्म्याच्या, ओठ घट्ट मिटलेल्या. नाकाखाली काळी चौकोनी मिशी. ती मिशी देवमननं स्वतः कॉम्प्युटरवर बसवली होती, आणि चिकटवल्यासारखी दिसू नये म्हणून चांगला तासभर खपला होता. खाली लालभडक अक्षरांत लिहिलं होतं : 'आमची लाडकी हिटलर! दहावी ब च्या वर्गातर्फे सस्नेह सत्कार.'

"मी रूथ," ती बाई म्हणाली. "किहीमकर बाईंची मुलगी."

"अरे बाप्पा!" देवमन अर्धी शिडी एका दमात उतरला. "फॉरेनवाल्या ताई! पाह्य ना बे गयास, बाईची पोरगी आली. ताई, बाईले सांगू नका हां, सरप्राइज हाये."

रूथ हसली नाही. "आम्ही ज्यू आहोत," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही?"

खरंच माहीत नव्हतं. बाईंनी कधी सांगितलं नव्हतं आणि कोणी कधी विचारलं नव्हतं. देवमनला वाटायचं, आडनावाच्या शेवटी कर आहे, कोकणातल्या कोणीतरी असतील. गयासुद्दीनला वाटायचं, बाईंचं पहिलं नाव लिली, म्हणजे ख्रिश्चन. रेल्वेत गार्ड असलेले त्यांचे यजमान अ‍ॅरनसाहेब, म्हणजे तर ख्रिश्चनच. रामदासपेठेतल्या त्यांच्या घराच्या चौकटीवर एक बोटभर लांबीची पितळी डबी तिरपी ठोकलेली होती. शिकवणीला जाताना देवमन ती दोन वर्षं बेल समजून दाबत होता. बाईही येताजाता तिला बोट लावायच्या. त्याला वाटायचं, बिचाऱ्या बाई, रोज बघतात सुरू झाली का. आत त्यांच्या प्रार्थनेचा कागद असतो, हे त्याला कोण सांगणार!

"ज्यू म्हंजे ते इस्रायलवाले ना?" त्याला एकदम आधार सापडल्यासारखं झालं. "मंग तर काही चिंताच नाई. आमच्या वावरात तुमचंच ठिबक हाये. हा गयासुद्दीन, बार्शीटाकळीले कृषी केंद्र हाये त्याचं, हाच इकते. आमच्या ग्रुपवर तर रोज तुमचं कवतिक असते ताई."

ते खोटं नव्हतं. त्या ग्रुपवर इस्रायलच्या शेतीचं कौतुक असायचं, आणि त्याच ग्रुपवर सकाळी सकाळी हिटलरच्या फोटोवर छापलेला 'यशाचा मंत्र'ही यायचा. दोन्हींना देवमन हात जोडलेलं चिन्ह टाकायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आजपर्यंत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आता आलं तरी तो नीट बसेना.

"त्यानं काय केलं ते ठाऊक आहे ना तुम्हाला?" रूथनं विचारलं.

ठाऊक होतं. नववीला रिकाम्या जागा भरा मध्ये आलं होतं. हिटलरच्या राजवटीत सुमारे साठ लाख टिंबटिंब मारले गेले. देवमननं बरोबर भरलं होतं, एक गुण मिळाला होता. तो शब्द त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला होता. पण तो शब्द म्हणजे एखादी गणिताची बाई असू शकते, जी डबा उघडण्याआधी हात धुऊन येते आणि वजाबाकी चुकली की आपलंच काही हरवल्यासारखी हळहळते, हे कुठल्या धड्यात नव्हतं. हिटलर म्हणजे त्याच्या लेखी कडक माणूस. वर्गात आवाज होऊ न देणारा. त्याचा स्वतःचा बाप हिटलर होता, तालमीतले वस्ताद हिटलर होते. बाई तर सगळ्यांच्या वरच्या.

"तुमच्यातलं कोणी…" गयासुद्दीननं अडखळत विचारलं. "म्हंजे, त्याच्यात…"

"नाही. आमच्यातलं तिकडे कोणीच नव्हतं. आमची माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवत होती. इथं आमच्या केसालाही कोणी धक्का लावला नाही. तरी आई दरवर्षी एप्रिलमध्ये दिवा लावते. एक दिवस."

तो दिवा देवमननं पाहिला होता. शिकवणीच्या खोलीत, खिडकीत, काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल आणि तेलावर तरंगती वात. भरदिवसा. त्यानं विचारलं होतं, बाई, हे कायले? बाई म्हणाल्या होत्या, काही माणसांचा स्मरणाचा दिवस आहे. कोणाचा, असं त्यानं विचारलं, तर म्हणाल्या, नावं मलाही माहीत नाहीत, तू गणित सोडव. त्याला तेव्हा फार गंमत वाटली होती. नाव माहीत नसलेल्यांचं कोणी कशाला काही करतं?

"तिकडे इस्रायलमध्ये त्या दिवशी भोंगा होतो," रूथ म्हणत होती. "सगळे जागच्या जागी थांबतात. रस्त्यावर गाड्या थांबतात, माणसं उतरून उभी राहतात. माझी मुलं उभी राहतात." मग ती फ्लेक्सकडे न बघता म्हणाली, "मी आईला न्यायला आले आहे. कायमची. शहात्तरची आहे, एकटी राहते. वीस वर्षं मी बोलावते आहे आणि वीस वर्षं तिचं एकच. मी कशाला येऊ? इथं मला कोणी कधी वेडंवाकडं बोललेलं नाही. मी तिकडे मैत्रिणींना हेच सांगते, बघा, आमच्या अकोल्यात हे असलं काही नाही."

देवमन शिडीच्या उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आला.

"हा फ्लेक्स मी तिला दाखवला तर उद्या ती माझ्याबरोबर विमानात बसेल," रूथ म्हणाली. "मला तसं न्यायचं नाही तिला. ती अकरा वाजता येईल. तोवर हे काढा, बस."

आणि ती निघून गेली. देवमन तिच्या पाठीकडे बघत राहिला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं त्याला वाटलं. बाईंच्या सत्काराची कल्पना त्याची, हॉल त्यानं ठरवला, फ्लेक्स फुकट त्याचा. दहावीला गणितात तो काठावर पास झाला तो केवळ बाईंमुळे. आता बाई अकोला सोडून गेल्या, आणि जाताना हे मनात घेऊन गेल्या, तर? त्यानं शिडीवर चढून सुतळी सोडायला सुरुवात केली. त्याचीच गाठ होती, ती सुटेना, शेवटी दातांनी तोडली.

"गयास," तो खाली न बघता म्हणाला, "तुले काय वाटते बे?"

"फोनवर तिकडचे लेकरं पाह्यतो मी रोज," गयासुद्दीन म्हणाला. "इस्रायलच्या बॉम्बनं मेलेले. झोप येत नाई. मले वाटे, त्या लोकायचा मले लय राग हाये. आता बाई त्यायच्यातल्या निघाल्या. बाईचा राग कसा करू सांग बरं?"

"बाईनं काय केलं?"

"तेच तं म्हणून राहिलो."

फ्लेक्स गुंडाळून दोघं हॉलमध्ये गेले, आणि दारातच देवमनच्या तोंडचं पाणी पळालं. मिशांचं तो विसरलाच होता. वर्गमैत्रीण प्रणाली टेबलाशी बसून काळ्या कार्डपेपरच्या चौकोनी मिश्या कापत होती आणि मागे चिकटपट्टी लावून रांगेत मांडत होती. बाई आत आल्या की सगळ्या वर्गानं एकदम मिश्या लावून उभं राहायचं, असं ठरलं होतं. लवकर आलेल्यांपैकी काहींनी लावल्याही होत्या आणि एकमेकांचे फोटो काढणं चाललं होतं.

देवमननं प्रणालीला सांगितलं. कसं सांगितलं ते त्यालाही कळलं नाही, पण ती ऐकता ऐकता कात्री उघडीच धरून राहिली. प्रणाली पातूरच्या शाळेत शिक्षिका होती. इतिहास शिकवत होती.

"मी दरवर्षी शिकवते तो धडा," ती म्हणाली. "फळ्यावर लिहून देते मुलांना." मग तिनं मांडलेल्या मिश्या हातानं एकत्र लोटल्या आणि आपल्या पर्समध्ये कोंबल्या. "काढा रे सगळ्यांनी. आधी काढा. फोटो डिलीट करा."

"काहून?" मागून सहदेव म्हणाला. "आपण काय वाईट मनानं म्हणतो काय? लहानपणापासून म्हणतो. प्रेमानं म्हणतो."

"आपण प्रेमानंच म्हणतो," देवमनही म्हणाला. इतका वेळ हेच वाक्य तो शोधत होता.

"हो ना," गयासुद्दीन म्हणाला. "सारे प्रेमानंच म्हणतात." आणि तो खुर्च्या लावायला निघून गेला.

ग्रुपवर निरोप टाकला. आज ते नाव कोणीही घ्यायचं नाही, कारण नंतर सांगू. अंगठे आले, प्रश्नचिन्हं आली. एकानं विचारलं, बाई गेल्या का? देवमननं त्याला फोन करून झापलं.

अकराला रिक्षा गेटशी थांबली. बाई उतरल्या. केस सगळे पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. रूथनं हात धरला होता. गेटच्या खांबाला सुतळीचा तुकडा लोंबत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि आत आल्या. सगळे उभे राहिले. कुणाला काय झालं कोण जाणे, वर्गानं एका सुरात म्हटलं, "नमस्ते बाऽऽई." चाळिशी ओलांडलेल्या ढेरपोट्या माणसांचा तो लांबलेला सूर ऐकून बाईंना हसू फुटलं, आणि देवमनला रडू आल्यासारखं झालं.

शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं सुरू झाली. आणि तिथं पंचाईत झाली. प्रत्येकाच्या आठवणीत ते नाव होतं. सहदेव माइकवर आला आणि जोरात म्हणाला, "आमी दुरून पाह्यलं का बोंबलत सुटो, पळा पळा, हि…" आणि थांबला. "…ही पाहा, बाई आल्या." वर्गातल्याच बेबीताईंचा किस्सा तर मधूनच तुटला, कारण त्यात त्या नावाशिवाय काही नव्हतंच, त्या नमस्कार करून बसल्या. बाई प्रत्येकाकडे लक्ष देऊन ऐकत होत्या, पाठांतर म्हणणाऱ्या मुलाकडे बघावं तशा. देवमन घड्याळाकडे बघत होता. अजून दोन भाषणं, मग जेवण, वांग्याची भाजी आणि रोडगे, मग रिक्षा. निभावलं, त्याला वाटलं.

तेव्हा मागचं दार धाडकन उघडलं आणि बंडू आत आला.

बंडू अमरावतीहून मोटारसायकलवर निघाला होता. फोन खिशात, निरोप फोनमध्ये. त्यानं कागदाच्या मिशीची वाट पाहिली नव्हती, घरूनच पोरीच्या काजळानं नाकाखाली चौकोन काढून आला होता. एक हात ताठ पुढे करून तो मधल्या वाटेनं चालत आला.

"हिटलर बाईचा विजय असो!"

पुढच्या रांगेतल्यांनी माना खाली घातल्या. बंडूला वाटलं, सगळ्यांनी मिळून आपली गंमत चालवली आहे. तो आणखी जोरात ओरडला. देवमन धावत गेला आणि रुमालानं त्याचं तोंड पुसू लागला. काजळ दोन्ही गालांवर पसरलं.

"काय करून राहिला बे? सोड ना!"

"चूप. चूप बस बावा."

"आई, चल," रूथ उठली होती. "निघू आपण."

"थांब," बाई म्हणाल्या. "तास संपला नाही अजून."

त्या उठल्या. माइकपाशी गेल्या, पण माइक त्यांनी बाजूला सारला. "बंडू, बाहेर नळ आहे. तोंड धुऊन ये." बंडू निमूट गेला. मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, तीच जुनी, शेवटच्या बाकापर्यंत जाणारी.

"ते नाव मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही नववीत होतात तेव्हापासून. बाकांवर कोरलेलं होतं. मुतारीच्या भिंतीवर होतं. एकदा स्टाफरूममध्ये एका सरांनीही मला त्याच नावानं हाक मारली होती. सगळे हसले. मीपण हसले."

"आई!" रूथचा आवाज फाटला. "तू मला वीस वर्षं फोनवर…"

"तुला तिकडे सांगून काय करायचं होतं?" बाई तिच्याकडे न वळता म्हणाल्या. "उगाच जीव टांगणीला." मग पुन्हा वर्गाला म्हणाल्या, "ठेवलं कोणी, तेवढं मात्र कधी कळलं नाही. आता तरी सांगा."

देवमन उभा राहिला. हे सांगायची त्याला कधीच लाज वाटली नव्हती. उलट सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तो फुशारकीनं सांगत आला होता. नववीत वर्ल्ड कपमधली बंगलोरची ती मॅच झाली त्यानंतरच्या सोमवारी त्यानं फळ्यावर लिहिलं होतं, पाकिस्तान हरला, आणि बाण काढला होता थेट गयासुद्दीनच्या बाकाकडे. बाईंनी त्याला तासभर उभं केलं आणि अख्ख्या वर्गाला बजावलं, गयासुद्दीनला या वर्गात कोणी पाकिस्तान म्हणायचं नाही, त्याच्या आईबापानं त्याला नाव दिलेलं आहे. शाळा सुटल्यावर बोअरवेलपाशी सगळे जमले होते, आणि तिथं ते नाव निघालं. फार हशा पिकला होता.

"म्या ठेवलं, बाई," देवमन म्हणाला. "मले माहीत नोतं, बाई. आईची आण, तुमी कोण ते माहीत नोतं."

"नाई," शेजारून गयासुद्दीन म्हणाला.

तो उठून उभा राहिला. "देवमन फक्त बोंबलत हिंडला, बाई. पह्यले म्या म्हटलं होतं. बोअरवेलपाशी."

"तू?" बाईंनी चष्मा सरळ केला.

"हो."

"तू का? मी तर तुझ्यासाठी…"

"म्हणूनच." गयासुद्दीन समोरच्या खुर्चीची पाठ धरून बोलत होता. "त्या दिवसापर्यंत दोघं-तिघंच म्हणत होते मले पाकिस्तान. तुमी सगळ्यायसमोर नाव घेऊन सांगतलं. दुसऱ्या दिवसापासून आख्खी शाळा म्हणाले लागली. पाचवीतले पोट्टेबी. मले तुमचा भल्ला राग आला होता, बाई. मले कोणाले दुखवायचं होतं तं ते तुमाले. तुमी ज्यू हाये का काय, ते मले कुठं माहीत? मले तं त्याच्याहून वाईट नाव येतच नोतं."

देवमन तोंड उघडं टाकून मित्राकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्यानं ही गोष्ट पंगतीत, लग्नात, दुकानात सांगितली होती, आणि बहुतेक वेळा हा शेजारीच बसलेला असायचा.

बाईंनी विचारलं, "मग मला येऊन का नाही सांगितलंस? मी चुकले म्हणून?"

"काय सांगू? तुमी चांगलंच केलं होतं ना."

बाईंनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते कळलं नाही. "मला ठाऊक असायला हवं होतं," त्या हळू म्हणाल्या. "नाव घेतलं की बोट रोखणारे वाढतात. म्हणून तर मी स्वतःचं, ज्यू असल्याचं, कधी कोणाला सांगितलं नाही. आणि तुझं मात्र भर वर्गात सांगून बसले." त्यांनी टेबलाचा आधार घेतला. रूथ पुढे झाली, पण बाईंनी हातानंच तिला थांबवलं.

"गयासुद्दीन," त्या म्हणाल्या, "अजून म्हणतात?"

सकाळपासून आपण 'पाक्या' किती वेळा म्हटलं, ते देवमनला आठवेना. फोनमध्येही गयासुद्दीनचा नंबर त्याच नावानं होता. तो खाली बघत उभा राहिला आणि मित्राच्या तोंडून आता काय निघतं, याची वाट बघू लागला.

"नाई बाई," गयासुद्दीन म्हणाला. आवाज मोकळा होता, हसरासुद्धा. "लहानपणीचं होतं ते. आता कोणी काही म्हणत नाई. इथं सारे आपलेच हायेत."

रूथनं चमकून मान वर केली. तिनं गयासुद्दीनकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं.

बाई गयासुद्दीनकडे बघत होत्या. गणित पूर्ण चुकलेलं असताना उत्तर मात्र बरोबर आणून दाखवणाऱ्या मुलाकडे त्या अशाच बघायच्या, रागावल्याशिवाय, पुष्कळ वेळ.

"बस, बाळा," त्या म्हणाल्या.

गयासुद्दीन बसला. हुश्श करून देवमनही बसायला वाकला.

"देवमन, तू उभा राहा."

मागं दोघं-तिघं खूश होऊन हसले. बाई अजून तशाच आहेत, कोणीतरी म्हणालं, आणि हॉलमधला ताण सुटला. बंडू तोंड धुऊन आला. प्रणालीनं पुढचं नाव पुकारलं, माइक पुन्हा सुरू झाला, बाई खुर्चीत बसून ऐकू लागल्या आणि रूथनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. देवमन उभा होता. गयासुद्दीन त्याच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. बाहेर जेवणाची भांडी वाजू लागली तरी त्याला कोणी बस म्हटलं नाही, आणि कशासाठी उभं केलंय, ते बाईंनी या वेळी वर्गाला सांगितलं नाही.